‘देवराई’, ‘कासव’ आणि गावाची भाषा

गेल्या पावसाळ्यात मालवण तालुक्यातील काही शिक्षक-शिक्षिकांसमवेत आम्ही दोन मराठी चित्रपट पाहिले. एक ‘देवराई’ (२००४) आणि दुसरा ‘कासव’ (२०१६). दोन्ही सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर या जोडीचे. दोन्हींत कोकण आहे आणि दोन्हींचा विषय मानसिक आजार हा आहे. ‘कासव’ संपल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मागच्या बाकावरच्या एक बाई म्हणाल्या, “आमच्या वाडीत असतो तर ह्येका पयलो घाड्याकडे व्हरलो असतो.”

हशा पिकला. परंतु तो लवकर विरला, कारण प्रत्येकाला आपापल्या वाडीतले कोणी ना कोणी आठवले असावे. बाईंचे वाक्य आम्हाला मात्र सोडीना. एका ओळीत त्यांनी या चित्रपटांची नेमकी समीक्षा केली होती. त्या वाक्याचाच थोडा विस्तार येथे करीत आहोत.

समाजशास्त्राकडून चित्रपटाकडे

सुमित्रा भावे (१९४३–२०२१) मुळात चित्रपट शिकून आल्या नव्हत्या. पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत त्या शिकवीत असत. झोपडपट्टीतील दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवर त्यांनी संशोधन केले. ते ‘पॅन ऑन फायर’ या नावाने १९८८ मध्ये पुस्तकरूपाने आले. ज्यांच्याविषयी संशोधन करायचे त्यांनाच ते वाचता येत नाही, मग उपयोग काय, या प्रश्नातून त्या कॅमेऱ्याकडे वळल्या आणि १९८५ मध्ये ‘बाई’ हा लघुपट झाला. म्हणजे त्यांच्या चित्रपटांच्या मुळाशी संशोधकाची सवय आहे : आधी ऐकायचे, मग मांडायचे.

‘देवराई’मधील शेष (अतुल कुलकर्णी) हा स्किझोफ्रेनिया झालेला बुद्धिमान माणूस. गावाजवळच्या देवराईने त्याचे मन व्यापले आहे. त्याची बहीण सीना (सोनाली कुलकर्णी) त्याला आपल्या घरी आणते, आणि मग आजार एकट्या शेषचा राहत नाही. तो साऱ्या घराचा होतो. या चित्रपटाच्या निर्मितीमागे डॉ. जगन्नाथ वाणी होते. कॅनडात कॅल्गरी येथे प्राध्यापक असलेल्या वाणींनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था सुरू केली होती. शेषला होणारे भास, त्याचा संशय, औषधे टाळणे, बहिणीची होणारी ओढाताण हे सारे इतक्या नेमकेपणाने आले आहे, की विद्यार्थ्यांना या आजाराची ओळख करून द्यायची तर पाठ्यपुस्तकातील उताऱ्यापेक्षा आम्ही हा चित्रपट आधी दाखवू.

गंमत अशी, की ‘देवराई’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो पर्यावरण रक्षणावरील चित्रपट म्हणून. तोही विषय चित्रपटात आहेच. पण आजाराची गोष्ट सांगताना निसर्ग पुढे आला, की पाहणाऱ्याची नजर पटकन निसर्गाकडे वळते. ‘कासव’च्या बाबतीतही थोडेसे असेच घडते.

कासवाची गोष्ट, शास्त्राच्या नजरेने

‘कासव’मधील जानकी (इरावती हर्षे) अमेरिकेतून परतलेली, स्वतः नैराश्यातून गेलेली स्त्री. कोकण किनाऱ्यावर कासवांच्या रक्षणाचे काम करणाऱ्या दत्ताभाऊंना (डॉ. मोहन आगाशे) ती मदत करते. जीव नकोसा झालेला एक तरुण (आलोक राजवाडे) तिला वाटेत भेटतो आणि ती त्याला घरी घेऊन येते. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या ६४व्या राष्ट्रीय पुरस्कारांत या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले.

नाव ऐकताच आपल्या मनात काय येते? संकट दिसताच अंग आत ओढून कवचात बसणारे कासव. नैराश्यात माणूस असाच मिटून जातो, म्हणून उपमा चपखल वाटते. येथे विज्ञानाच्या शिक्षकाने हात वर करायला हवा. आपल्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणारे ऑलिव्ह रिडले हे समुद्री कासव आहे, आणि कोणत्याही समुद्री कासवाला डोके किंवा वल्ह्यांसारखे पाय कवचात पूर्ण ओढून घेता येत नाहीत. जमिनीवरील व गोड्या पाण्यातील अनेक कासवांना ते जमते. समुद्री कासवाचे शरीर लांबवर पोहण्यासाठी चपटे, निमुळते झाले आहे. त्या बदल्यात लपण्याची सोय गेली. त्याला उघड्यावरच राहावे लागते.

ही चूक काढण्याची हौस नव्हे. उलट, खरे कासव घेतले तर चित्रपट अधिक चांगला कळतो असे आम्हाला वाटते. मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात परत जाते. पिल्लांसाठी ती पुन्हा येत नाही. कोल्ही, कुत्री आणि पूर्वी माणसेही ती अंडी काढून नेत. आता देवगडजवळ तांबळडेग, वेंगुर्ल्याजवळ वायंगणी अशा ठिकाणी गावकरी व वनखाते ती अंडी जाळीच्या कुंपणात हलवतात आणि सुमारे ४५ ते ६० दिवस राखण करतात. पिल्ले बाहेर आली, की त्यांना उचलून पाण्यात टाकत नाहीत. लाटांपासून थोडे अलीकडे वाळूवर ठेवतात. समुद्रापर्यंतचे अंतर पिल्लू स्वतः चालते. माणसे दोन्ही बाजूंना उभी राहून कावळे-कुत्री हाकलतात, एवढेच.

आता चित्रपटातील घर आठवा. त्या तरुणाला कोणी खोदून विचारत नाही, उपदेश करीत नाही. त्याला जेवण, झोप आणि थोडे अंतर मिळते. जानकीचा सारथी यदू (किशोर कदम) आधी कुरकुरतो आणि मग नकळत त्याची राखण करू लागतो. चालायचे आहे ते त्या मुलानेच. कवचातल्या कासवापेक्षा ही कुंपणाची आणि वाळूची उपमा कितीतरी खरी आहे, आणि चित्रपटाच्या उत्तम प्रसंगांत तीच दिसते. चित्रपट आपल्या नावापेक्षा मोठा आहे.

मग घाडी कोठे गेला?

आता मागच्या बाकावरच्या बाईंकडे येऊ. दोन्ही चित्रपटांत कोकण हे प्रामुख्याने बरे होण्याचे किंवा हरवण्याचे ठिकाण आहे : झाडे, समुद्र, शांतता. कोकणातल्या माणसांची आजाराविषयी स्वतःची जी भाषा आहे, तिच्यावर कथेचा भार नाही. ती भाषा समृद्ध आहे. ‘बाहेरचा लागला’, ‘बाधा झाली’, ‘राखणदाराचा कोप’, ‘अंगात अवसर आला’ असे कितीतरी शब्दप्रयोग आपण लहानपणापासून ऐकतो. ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालतात, कौल लावतात, घाड्याला विचारतात. यामागे एक तर्क आहे : दुखणे एकट्याचे नसते, काहीतरी नाते बिघडलेले असते, देवाशी, पूर्वजांशी किंवा शेजाऱ्याशी.

मानवशास्त्रज्ञ येथे एक उपयुक्त भेद करतात. डॉक्टर ज्याचे निदान करतो तो रोग. रोगी आणि त्याचे घर जे भोगते ते दुखणे. आर्थर क्लाइनमन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ व मानवशास्त्रज्ञाने हा भेद ठळकपणे मांडला. स्किझोफ्रेनियाचा रोग पुण्यात आणि पेंडूरला एकच असेल. दुखणे एक नसते.

हे दुखणे कॅमेऱ्याने टिपता येते का? रॉबर्ट लेमेलसन या मानवशास्त्रज्ञाने इंडोनेशियात तो प्रयत्न केला. १९९७ पासून वर्षानुवर्षे त्याच त्या घरांत परत जाऊन त्याने बाली व जावा येथील मनोरुग्णांचे चित्रीकरण केले. त्यातून ‘अफ्लिक्शन्स’ ही माहितीपटांची मालिका झाली. तिच्यातील ‘द बर्ड डान्सर’ हा माहितीपट टुरेट विकार असलेल्या एका बालिनीज स्त्रीचा आहे. या विकारात शरीराचे झटके आणि तोंडून निघणारे आवाज आवरत नाहीत. तिला वैदूंकडे नेले जाते, मानसोपचारतज्ज्ञाकडेही नेले जाते. पाहताना हळूहळू उमगते, की झटक्यांपेक्षा तिला जास्त छळते ती घरच्यांची लाज आणि आपले लग्न होणार नाही ही खंत. औषध झटक्यांसाठी आहे. या दुसऱ्या गोष्टीसाठी गोळी नाही.

असे काम आपल्या किनाऱ्यावर व्हावे असे आम्हाला वाटते. मात्र एक अडचण मोकळेपणाने मांडली पाहिजे. माहितीपटात खरे तोंड दिसते. ज्या वाडीत कोणाच्या घरी कोणते कालवण शिजले हे संध्याकाळपर्यंत सर्वांना कळते, तेथे एकदा पडद्यावर आलेला रोगी जन्मभर रोगीच राहील. काल्पनिक कथा निवडून भावे-सुकथनकरांनी कोणाचेही नाव उघडे न करता सत्य सांगितले. गावाची भाषा निसटली, पण माणसाची अब्रू राहिली. ही किंमत लहान नव्हे, आणि लाभही लहान नव्हे.

देवळाने बरे वाटते का?

विज्ञानाची मंडळी येथे चटकन दोन गटांत वाटली जातात. एक गट म्हणतो सारी अंधश्रद्धा. दुसरा म्हणतो पूर्वजांना सारे ठाऊक होते. पुरावा काय सांगतो ते पाहू. तमिळनाडूतील एका मंदिरात येऊन राहणाऱ्या ३१ मनोरुग्णांचा अभ्यास बंगळूरच्या निम्हान्स संस्थेतील आर. रघुराम व सहकाऱ्यांनी केला. तो २००२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. सरासरी सहा आठवड्यांच्या मुक्कामानंतर लक्षणांच्या मोजपट्टीवर जवळजवळ २० टक्के घट दिसली. तेथे खास विधी नव्हते. जेवण, हलकी कामे, सोबत नातेवाईक आणि कोणी हिणवत नाही असे वातावरण एवढेच होते. अर्थात अभ्यास लहान आहे आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. एवढ्यावरून ‘देऊळ हेच औषध’ असे म्हणता येत नाही.

त्याच राज्यात एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका खासगी आश्रयगृहाला आग लागली. रोगी साखळ्यांनी बांधलेले होते, त्यांना पळता आले नाही. २८ जणांचा मृत्यू झाला.

या दोन घटना शेजारी ठेवल्या, की कसोटी हाती येते. श्रद्धा आहे की नाही हा पहिला प्रश्न नव्हे. तेथे माणसाला बांधतात का? मारतात का? औषधे बंद करायला लावतात का? घरच्यांना लुबाडतात का? एकाचेही उत्तर ‘होय’ असेल, तर ते ठिकाण घातक. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा रोखही अशाच कृत्यांवर आहे. साध्या गाऱ्हाण्यावर नाही. आणि देवळात धीर मिळाला म्हणून डॉक्टरची गरज संपत नाही. स्किझोफ्रेनियात औषधोपचार जितका लांबतो, तितके नंतर सावरणे अवघड होते.

अंतराचाही विचार केला पाहिजे. रत्नागिरीचे मनोरुग्णालय १८८६ पासूनचे, परंतु मालवणहून तेथे जायचे तर दिवस मोडतो. घाडी मात्र पलीकडच्या वाडीत असतो, वेळ देतो आणि आपल्या बोलीत बोलतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत गंभीर मानसिक आजार असलेल्या दहापैकी सातांहून अधिक जणांपर्यंत उपचार पोहोचले नव्हते असे दिसले. लोक अडाणी आहेत म्हणून घाड्याकडे जातात, हे अर्धेच उत्तर आहे.

वर्गात काय करता येईल?

दहावीच्या पुढच्या मुलांना ‘देवराई’ जरूर दाखवावा. ‘कासव’ आधी शिक्षकांनी पाहावा आणि मग मुलांबरोबर बसून दाखवावा. विषय नाजूक आहे. तो तयार झाला तेव्हा आत्महत्येचा प्रयत्न कायद्याने गुन्हा होता. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरायला सांगितले. तिला शिक्षा नव्हे, मदत द्यायची. हा बदल मुलांना सांगावा.

चित्रपटानंतर एक काम द्यावे. ‘मन आजारी पडणे’ यासाठी आपल्या घरात, वाडीत कोणकोणते शब्द वापरतात, ते मुलांनी आजी-आजोबांना विचारून लिहून आणावेत. कोणाचेही नाव लिहायचे नाही, हा नियम पक्का. मग फळ्यावर दोन रकाने करावेत : कोणते शब्द माणसाला जवळ आणतात आणि कोणते दूर लोटतात? ‘खुळो’ कोठे बसेल? ‘बाधा’ कोठे? ‘बाधा’ या शब्दात निदान रोग्याचा दोष नाही, हे एखादे मूल आपण होऊन सांगेल. त्याच शब्दामुळे उपचाराला उशीर होतो, हे दुसरे सांगेल. दोघेही बरोबर असतील. तासाच्या शेवटी ‘टेलि मानस’चा १४४१६ हा शासकीय दूरध्वनी क्रमांक फळ्यावर लिहावा आणि पुसू नये.

ज्या बाईंनी घाड्याची गोष्ट काढली, त्या जाताना दारात थांबल्या. आपल्या वर्गातला एक मुलगा दोन महिने बोलत नाही, असे त्या म्हणाल्या. रागवावे की सोडून द्यावे, हे कळत नव्हते. आम्ही काही सांगण्याआधीच त्या म्हणाल्या, “उद्यापासून त्याच्या बाकाशेजारी जरा बसत जाईन. आणि त्याच्या आईला डॉक्टरकडे मी घेऊन जाईन. घाड्याकडे जायचे असेल तर तिने खुशाल जावे, पण माझ्याबरोबर आधी यावे.”