बेने इस्रायलांचें बाड

पेण तालुक्यांतील गागोदें बुद्रुक हें गांव मराठी वाचकांस विनोबांमुळें ठाऊक आहे. १८९५ सालीं तेथें जन्मलेल्या या पुरुषानें, संस्कृत न जाणणाऱ्या आईच्या इच्छेस स्मरून, गीता मराठींत आणली आणि ‘गीताई’ घरोघर गेली. त्याच मुलखांत हिब्रू न जाणणाऱ्या बायकांच्या मुखीं अब्राहाम, योसेफ व मोशे यांच्या कथा मराठी पद्यांतून आल्या. त्यांची दखल आमच्या वाङ्मयेतिहासानें जवळजवळ घेतलीच नाहीं.

हीं पदें बेने इस्रायलांचीं. शनिवारीं घाणा बंद ठेवणारे म्हणून यांस ‘शनवार तेली’ म्हणत. पेणकर, रोहेकर, अष्टमकर हीं यांचीं आडनांवें. १९४८ सालीं इस्रायल राष्ट्र झालें, व पुढील कांहीं दशकांत यांतील बहुतेक कुटुंबें तिकडे गेलीं. त्यांस येथून कोणी हांकलून दिलें नव्हतें. युरोपांतून जीव वांचवून निघालेल्या धर्मबांधवांचें दुःख निराळें, आणि ‘निर्वासित’ हा शब्द यांस लावणें आम्हांस अप्रशस्त वाटतें. तरी घर सुटलें तें सुटलेंच. कित्येक बायकांनीं आपल्या हातानें उतरून काढलेलीं गाण्यांचीं बाडें तिकडेही जपून ठेविलीं.

अशा बाडाकडे ‘आठवणीची वस्तु’ म्हणून पाहण्याची रीत पडली आहे. ती आम्हांस मान्य नाहीं. चांदीचा पेला कांचेच्या कपाटांत ठेवून पाहतां येतो. बाड वाचावें लागतें. १८८० च्या सुमारास मुंबईंत या समाजानें कीर्तनाची प्रथा उचलली, आणि आमच्या हरिदासांचीच घडण घेऊन साकी, दिंडी, ओवी, अभंग यांत तौरातांतील आख्यानें बसविलीं. या रचनांत वृत्तभंग आढळतो, उपदेश पुष्कळदां रसावर कुरघोडी करतो, व यमकासाठीं शब्दांची ओढाताणही होते. हे दोष आमच्या आख्यानकवींतही थोडे नाहींत. परंतु परक्या वाळवंटांतील कथेस सासर, माहेर, नवस अशा शब्दांनीं जवळ करण्याचें जें काम येथें झालें, तें नुसतें भाषांतर नव्हे. मलिद्याच्या विधींत गोड पोह्यांचें ताट पुढें ठेवून एलियाहू हन्नाबीचें स्मरण करणाऱ्या घरांतून तीं निघालीं. तो पोह्यांचा वास पदांनाही आहे.

आणि हीच मराठी वळणें पुढें त्यांच्या विरुद्ध साक्षीस उभी राहिल्यासारखीं झालीं! ज्या देशास ते आपला म्हणून गेले, तेथील कांहीं धर्मपंडितांनीं त्यांच्या यहूदीपणाविषयीं, विशेषतः विवाहसंबंधांच्या बाबतींत, शंका काढली. मोठी चळवळ झाली. १९६४ सालीं तेथील विधिमंडळानें हे सर्वार्थानें यहूदीच आहेत असें जाहीर केलें, तेव्हां तो वाद बराच शमला. आम्हांस नवल वाटतें तें हें कीं, ज्या शंकेखोरास पुरावा हवा होता त्यास एखादें बाड वाचून दाखविलें असतें तर? ज्या लोकांनीं मोशेला ओवींत गाइला, त्यांनीं त्याला विसरण्याची सोयच ठेविली नव्हती.

तिकडील नव्या पिढीचें शिक्षण हिब्रूंत झालें आहे. देवनागरी वाचणाऱ्या आज्या थकत चालल्या आहेत. यास्तव अशा एखाद्या बाडाची सटीप आवृत्ति मराठींत निघावी, आणि तिच्या संपादकास तौराताइतकीच हरिदासी आख्यानांची व कुलाब्याकडील जात्यावरच्या ओव्यांची ओळख असावी, एवढी आमची मागणी आहे.