२१० पैकी २१०: आकडा बरोबर, निष्कर्ष घाईचा

औषधांच्या किमतींवर वाद सुरू झाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: अमेरिकेत मंजूर झालेल्या प्रत्येक नव्या औषधामागे सरकारी पैसा आहे, म्हणजे लोक एकाच औषधाचे पैसे दोनदा मोजतात. बहुतेक वेळा यामागे २०१८ साली 'पीएनएएस'मध्ये आलेला क्लिअरी, लेडली आणि सहकाऱ्यांचा पेपर असतो. पेपर चांगला आहे, जरूर वाचा. पण त्याच्या नावावर जे खपवलं जातं, ते सगळं त्यात नाही.

आधी पद्धत बघू. २०१० ते २०१६ या काळात एफडीएने मंजूर केलेली २१० नवी औषधं घेतली. प्रत्येक औषधाचं नाव आणि ते शरीरात ज्या रेणूवर काम करतं, त्या 'टार्गेट'चं नाव पबमेडमध्ये शोधलं. सापडलेल्या पेपरांपैकी कोणते एनआयएचच्या अनुदानातून झाले ते पाहिलं आणि त्या अनुदानांची बेरीज केली. उत्तर आलं १०० अब्ज डॉलरपेक्षा जास्त, आणि २१० पैकी एकही औषध सुटलं नाही.

आता माझा आक्षेप. इथे 'संबंधित' या शब्दावर फार भार पडलाय. प्रोस्टेट कॅन्सरवरचं एन्झाल्युटामाइड २०१२ साली मंजूर झालं. त्याचं टार्गेट अँड्रोजेन रिसेप्टर. या पद्धतीत स्नायूंमधल्या अँड्रोजेन रिसेप्टरवरचा पेपरही 'संबंधित' ठरतो, मग लेखकाच्या मनात हे औषध असो वा नसो. शिवाय हे अनुदान नसतं तर औषध आलं असतं का, हा प्रश्न या मोजणीत विचारलेलाच नाही. लेखकही तसा दावा करत नाहीत. तो दावा पुढे चिकटवला जातो.

खरा मुद्दा सारांशातच आहे, पण तो कोणी सांगत नाही: या पैशांपैकी ९० टक्क्यांहून अधिक पैसा टार्गेटवरच्या मूलभूत संशोधनाचा आहे, प्रत्यक्ष औषधावरचा नाही.

समोरच्या बाजूलाही हीच कात्री लावा. 'एका औषधाला २.६ अब्ज डॉलर लागतात' हा डिमासी आणि सहकाऱ्यांचा २०१६चा अंदाज. डेटा १० कंपन्यांनी दिलेला आणि गोपनीय, त्यामुळे बाहेरच्या कुणाला तपासता येत नाही. त्यातली जवळपास ४५ टक्के रक्कम प्रत्यक्ष खर्चाची नाही, तर भांडवल अडकून पडल्याची किंमत आहे. वाउटर्स आणि सहकाऱ्यांनी २०२० साली 'जामा'मध्ये ६३ औषधांचा जाहीर डेटा वापरला, तर मध्यक आला सुमारे ९८.५ कोटी डॉलर. आणि टार्गेट शोधण्याचा सरकारी खर्च यातल्या कुठल्याच हिशोबात नाही.

मग किमतीचं काय? इथे बेरजेपेक्षा कायदा महत्त्वाचा. १९८०च्या बे-डोल कायद्यानुसार सरकारी पैशातून लागलेल्या शोधाचं पेटंट विद्यापीठाला घेता येतं, आणि ठरावीक परिस्थितीत सरकार त्यात हस्तक्षेप करून दुसऱ्याला उत्पादनाचा परवाना देऊ शकतं. एन्झाल्युटामाइडचा शोध यूसीएलएमध्ये सरकारी अनुदानावर लागला, म्हणजे उदाहरण अगदी थेट. तरी किमतीच्या मुद्द्यावर केलेला अर्ज एनआयएचने मार्च २०२३मध्ये फेटाळला. औषध बाजारात सहज उपलब्ध आहे, हे त्यामागचं एक कारण.

आता दोन्ही धागे जोडून बघा. हा अधिकार पेटंट झालेल्या शोधावर चालतो. ते ९० टक्के संशोधन मात्र बहुतांशी पेपरांच्या रूपात बाहेर पडतं आणि कुणीही ते फुकट वापरू शकतं. म्हणजे जिथे जनतेचा पैसा सर्वात जास्त, तिथेच किमतीवर बोलायला कायद्याचा आधार सर्वात कमी. मला विचाराल तर या पेपरमधून निघणारा सर्वात अस्वस्थ करणारा निष्कर्ष हाच आहे. 'दोनदा पैसे' या घोषणेत तो हरवतो. किमती कमी व्हाव्यात असं मलाही वाटतं, म्हणूनच कच्चा युक्तिवाद नको. तो पहिल्या उलटतपासणीत गळून पडतो आणि नुकसान पेशंटचं होतं.

पुढचा पेपर हातात घ्याल तेव्हा आकड्याआधी क्रियापद वाचा: 'संबंधित आहे', 'कारणीभूत आहे' की 'हातभार लावला'? तिन्हींसाठी लागणारा पुरावा वेगळा असतो.