समक्ष आणि दूरस्थ मुलाखत : एका तुलनेची चिकित्सा

गुणात्मक संशोधनात मुलाखत समक्ष घ्यावी की दूरध्वनीवरून अथवा संगणकाच्या पडद्यावरून, हा प्रश्न २०२० च्या महासाथीनंतर सर्वच विद्याशाखांपुढे उभा राहिला. या वादात स्टर्जेस आणि हॅनरहन यांच्या २००४ मधील टिपणाचा आधार अनेकदा घेतला जातो. तुरुंगातील कैद्यांना भेटावयास येणारी माणसे आणि तेथील अधिकारी यांच्या दोन्ही प्रकारच्या मुलाखतींची लेखी उतरणे त्यांनी ताडून पाहिली. त्यांत लक्षणीय भेद आढळला नाही. एवढ्यावरून दोन्ही पद्धती सर्वत्र समतुल्य मानणे हा मात्र अतिव्याप्तीचा दोष होय. मुलाखत म्हणजे केवळ तिचे लेखी उतरण असे गृहीत धरले, तरच ही तुलना पुरेशी ठरते.

भाषाविज्ञानाला हा पेच नवा नाही. वेंकर यांनी १८७६ पासून जर्मन शाळाशिक्षकांकडे टपालाने वाक्ये धाडली. उलट जिल्येराँ यांच्या फ्रेंच भाषानकाशासाठी एद्माँ यांनी १८९७ ते १९०१ या काळात ६३९ ठिकाणी स्वतः जाऊन उच्चार टिपले. एकाला व्याप्ती लाभली, दुसऱ्याला सूक्ष्मता. पुढे लॅबव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला उत्तर अमेरिकी इंग्रजीचा नकाशा दूरध्वनी-मुलाखतींवर उभारला, आणि तो मान्यता पावला. तेथे प्रश्न मुख्यतः स्वरांचा होता. मराठीतील ‘चार’ आणि ‘चोर’ यांमधील चकारांचा भेद तपासणाऱ्याला मात्र तो मार्ग जपूनच धरावा लागेल. कारण या भेदाची खूण असणाऱ्या घर्षणाचा मोठा अंश उच्च कंपनसंख्येत असतो, आणि जुन्या धर्तीचा दूरध्वनी सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा वाहून नेतो. साधन एकच, परंतु एका प्रश्नास ते पुरते, दुसऱ्यास पुरत नाही.

तथापि समक्षतेचे स्तोम माजविणेही युक्त नव्हे. प्रमाणभाषा बोलणारा संशोधक ओसरीवर येऊन बसला की निवेदकाची बोली सावध होते. लॅबव्ह यांनी दाखविलेला निरीक्षकाचा हा विरोधाभास केवळ सान्निध्याने मिटत नाही, उलट बळावतो. नाजूक विषयावर काही माणसे दुरूनच मोकळेपणे बोलतात. मात्र निवेदकाशेजारी, पडद्याच्या चौकटीबाहेर, कोण बसले आहे हे दूरस्थ संशोधकाला दिसत नाही. आणि ज्या वृद्धेपाशी स्वतःचा दूरध्वनीच नाही, ती तर नमुन्यातूनच गळते. हा तोटा उतरणांची कितीही तुलना केली तरी उघड होत नाही, कारण जी मुलाखत झालीच नाही तिचे उतरण नसते.

सबब पद्धतीची निवड सोयीवरून नव्हे, तर कोणत्या स्वरूपाचा पुरावा हवा आहे यावरून व्हावी. आणि प्रत्येक मुलाखत कोणत्या मार्गाने घेतली, याची नोंद प्रबंधात असावी. तिच्यावाचून वाचकाला निष्कर्षाची मर्यादा जोखता येणार नाही.