‘स्मृतिचित्रां’तील चूल आणि श्रद्धा

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वर्गात शिकविताना आपण बहुधा हसतो, आणि त्या हसण्यातच तास संपून जातो. सोवळ्यापायी घरादारास वेठीस धरणारे नाना, न सांगता घरातून निघून जाणारे टिळक, आणि या दोहोंच्या तावडीत सापडलेली, तरीही तोंडावरचे हसू न सोडणारी ती मुलगी, एवढेच विद्यार्थ्यांच्या लक्षात राहते. पाठ्यपुस्तकांतून जे उतारे निवडले जातात तेही बहुधा याच जातीचे. त्यामुळे साधी भाषा, निर्मळ विनोद आणि प्रांजळपणा या तीन शब्दांत या ग्रंथाची वासलात लावण्याची आपणांस सवय जडली आहे. हे तीनही गुण त्यात आहेत, याबद्दल वाद नाही. पण ज्या गोष्टीसाठी हा ग्रंथ मराठीत एकटा उभा आहे, ती या तीन शब्दांत सापडत नाही असे आमचे मत आहे.

ती गोष्ट अशी की, धर्मश्रद्धा घरात शिरली म्हणजे घराचे काय होते, याचा हिशेब येथे ज्याच्या हाती चूल आहे त्या माणसाने मांडलेला आहे. श्रद्धेची महती गाणारे ग्रंथ आपल्याकडे उदंड आहेत. तिचे खंडन करणारेही कमी नाहीत. परंतु एका घरात एकाने देवाला सर्वस्व दिले तर त्या सर्वस्वात बायकोचे किती, मुलांचे किती, उद्याच्या पिठामिठाचे किती, हा प्रश्न या ग्रंथाइतक्या निर्भयपणे, आणि कोणालाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे न करता, विचारलेला आमच्या वाचनात नाही.

या ग्रंथाचे वेगळेपण नीट दिसावे म्हणून थोडे मागे जावयास हवे. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा पाया घालणारे बाबा पदमनजी हे बेळगावचे. 1831 साली तेथे त्यांचा जन्म झाला आणि 1854 साली तेथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. सीमाभागातील आमच्या वाचकांना हे सांगण्याची गरज नाही, पण ग्रंथनामावळीत ते विसरले जाते म्हणून नोंदविले. त्यांची ‘यमुनापर्यटन’ ही 1857 सालची कादंबरी विधवांच्या दुःखाचे मोठे दर्शन घडविते, आणि त्यांचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र एका प्रामाणिक मनाने सत्याचा शोध कसा घेतला ते सांगते. दोन्ही ग्रंथांबद्दल आम्हांला आदर आहे. तरीही दोहोंत श्रद्धा ही मुख्यत्वे वादाने, वाचनाने, शंकासमाधानाने सिद्ध व्हावयाची वस्तू आहे. यमुना आणि विनायक हे पतिपत्नी सज्जन आहेत, एकविचाराचे आहेत, आणि म्हणूनच त्यांच्या संसारात श्रद्धेची परीक्षा अशी होत नाही. परीक्षा होते ती बाहेरच्या समाजाची. नवरा एका धर्मात आणि बायको दुसऱ्या धर्मात, अशी भिंत घराच्या मधोमध उभी राहिली म्हणजे काय होते, हे सांगण्यास मराठीला पुढे सात-आठ दशके थांबावे लागले. ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध होऊ लागली ती 1934 साली.

ग्रंथाचा आरंभच पाहावा. 1857 च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आजोबांना फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर त्यांच्या वडिलांना सोवळ्याने पछाडले. बाजारातून आलेली जिन्नस धुतल्याविना घरात यावयाची नाही, असा खाक्या. वाचक येथे हसतो, आणि लेखिकेचीही त्याला हरकत नाही. परंतु हे प्रकरण केवळ गमतीसाठी पहिले आलेले नाही. कर्त्या पुरुषाच्या मनात धर्म म्हणून जे काही उभे राहते, त्याची पाणी वाहण्याची मजुरी घरातल्या बायकांना भरावी लागते, हे या मुलीने वाचावयास शिकण्यापूर्वीच जाणले होते. पुढे नवऱ्याच्या घरी धर्माचे स्वरूप पालटले, नाव पालटले, दिशा अगदी उलटी झाली. मजुरी भरणारे हात तेच राहिले. ही संगती लक्ष्मीबाई बोलून दाखवीत नाहीत. दोन्ही चित्रे त्या एका भिंतीवर टांगतात आणि बाजूला होतात.

नागपूरहून राजनांदगावास जाताना 1893 साली आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार दिला, आणि दोन वर्षांत आपण ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस टिळकांचा बाप्तिस्मा झाला. टिळकांच्या चरित्रकारांना हा दिवस उजाडण्याचा दिवस वाटतो, आणि त्यांच्या बाजूने ते बरोबरच आहे. ‘स्मृतिचित्रां’त मात्र तोच दिवस घर बुडाल्याचा दिवस म्हणून येतो. नवरा जिवंत आहे आणि तरी नाही. लहान मुलगा पदरात आहे. नातलग सांत्वनास येतात ते मयताच्या घरी यावे तसे. पुढची काही वर्षे ही स्त्री नवऱ्यापासून दूर, बराच काळ पंढरपुरास राहिली. लक्ष्मीबाईंची कविता या दुःखातून जन्मली हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ज्या घटनेने मराठीला ख्रिस्ती भक्तीचा थोर कवी दिला, तिनेच त्याच घरात आणखी एक कवयित्री रडत रडत घडविली.

पुढे त्या अहमदनगरास नवऱ्याजवळ आल्या. आल्या त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे, नवरा हा नवरा आहे म्हणून आल्या. आल्यावरही त्यांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. टिळकांचे मोठेपण आम्हांला सर्वांत अधिक कोठे दिसत असेल तर येथे. सभेत हजारांना हलविणाऱ्या या वक्त्याने घरातल्या वेगळ्या चुलीविरुद्ध वक्तृत्व चालविले नाही. आणि लक्ष्मीबाईंचे पाऊल पुढे पडले तेही कोणाच्या प्रवचनाने नव्हे. जातिभेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नाचा निकाल त्यांनी आपला आपण, आपल्या रोकड्या बुद्धीने लावला. देवाचा त्यात हात नाही असे ठरताच, आजपासून कोणाच्याही हातचे खावयाचे-प्यावयाचे, असा निश्चय केला. बाप्तिस्मा त्यानंतरचा, 1900 सालचा.

हा क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी पाणी, मग धर्मांतर. पदमनजींच्या नायकनायिकांना आधी सिद्धांत पटतो, मग आचार बदलतो. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत आचाराने सिद्धांताला हात धरून घरात आणले. ज्या मुलीचे बालपण धुण्यापुसण्यात गेले, तिने एका दिवशी परक्याच्या हातचे पाणी घेणे म्हणजे काय, हे पहिले प्रकरण हसण्यावारी नेणाऱ्या वाचकाला कळणे कठीण. म्हणूनच केवळ विनोदी उतारे शिकविण्याला आमचा आक्षेप आहे. ज्या पायावर ही इमारत उभी आहे तो पाया आपण विद्यार्थ्यांना गंमत म्हणून दाखवितो आणि इमारत दाखवीतच नाही.

आता ग्रंथाच्या गाभ्याकडे वळू. दोघेही ख्रिस्ती झाली, म्हणजे संसार सुरळीत झाला का? एखाद्या बोधकथेत तो झाला असता. येथे तसे होत नाही. टिळक पूर्वीही हाती आलेले देऊन टाकीत, आताही देऊन टाकतात. पूर्वीही अचानक पाहुणे आणीत, आता तर अनाथ मुले, विद्यार्थी, कवी यांनी घर भरून जाते. नव्या करारात या बाबतीत दोन टोकांची वचने आहेत. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो की, आईबाप वा लेकरे यांवर माझ्याहून अधिक प्रीती करणारा मला योग्य नाही. उलट तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात घरच्या माणसांची तरतूद न करणाऱ्याला विश्वास नाकारणारा म्हटले आहे. टिळक पहिल्या वचनावर जगले. लक्ष्मीबाईंना, त्यांनी ते वचन कोठे उद्धृत केले असो वा नसो, दुसऱ्या वचनावर घर चालवावे लागले. दोन वचने एकाच ग्रंथात शांतपणे नांदू शकतात. एका घरात ती नांदावयाची तर कोणीतरी रोज मध्ये उभे राहावे लागते.

याचे निर्मळ उदाहरण म्हणजे बालकवी. त्र्यंबक बापूजी ठोमरे हा कोवळ्या वयाचा कवी नगरास टिळकांच्या घरी येऊन राहिला. त्याच्या प्रतिभेला टिळकांनी आधार दिला हे वाङ्मयेतिहासात नमूद आहे, आणि ते योग्यच आहे. पण त्या हट्टी, लाडक्या, हळव्या मुलाला घरातला मुलगा म्हणून ज्यांनी सांभाळले त्या लक्ष्मीबाई. ‘स्मृतिचित्रां’तील ठोमऱ्यांविषयीची पाने वाचली म्हणजे शेजारप्रीती हा शब्द धर्मपुस्तकातून उतरून ताटावर येऊन बसतो. हिंदू ब्राह्मणाचा मुलगा ख्रिस्ती घरात वाढला, आणि तरी कोणी त्याला ख्रिस्ती करावयास बसले नव्हते, ही गोष्ट लेखिका इतक्या सहजपणे सांगते की तिच्यातील धैर्य आपल्या ध्यानात येत नाही.

मग लक्ष्मीबाईंनी टिळकांना दोषी ठरविले आहे काय? काही अलीकडच्या अभ्यासकांना ‘स्मृतिचित्रे’ ही एका सोसणाऱ्या पत्नीची फिर्याद वाटते. जुन्या पिढीला ती पतिव्रतेची ओवाळणी वाटत असे. आम्हांला दोन्ही मते अपुरी वाटतात. फिर्यादीत प्रतिपक्षाचे मोठेपण इतक्या उदार हाताने सांगत नाहीत, आणि ओवाळणीत त्याचे विक्षिप्तपण इतके तपशीलवार येत नाही. टिळक संतापी होते, बेभरवशाचे होते, आणि निष्कपट होते. तीनही गोष्टी ती एकाच आवाजात सांगते. येथे टिळकांच्या स्वतःच्या कवितेशी ताडून पाहणे उद्बोधक ठरेल. ‘माझी भार्या’, ‘बापाचे अश्रू’ अशा कवितांतून कौटुंबिक प्रेमाला मराठी काव्यात मानाचे पान देणारा हा कवी. त्या कवितांतील भाव खरा आहे, यात शंका नाही. परंतु त्या कवितांतले घर हे संध्याकाळी परत येणाऱ्याने पाहिलेले घर आहे. दिवसभर तेथे काय चालले होते ते ‘स्मृतिचित्रां’त वाचावे. ही दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून शिकविली तर एम. ए. च्या वर्गाला दहा व्याख्यानांइतका लाभ होईल असे आम्हांला वाटते.

एक आक्षेप मात्र आम्ही टाळू इच्छीत नाही. लक्ष्मीबाई आपल्या अंतरंगातील श्रद्धेविषयी फार थोडे बोलतात. प्रार्थनेत काय घडले, ख्रिस्त त्यांना कोण वाटला, हे जाणू इच्छिणारा वाचक बराचसा रिकाम्या हाताने परत जातो. दुखऱ्या जागी आल्या की त्या एखादा विनोद करतात आणि पुढे निघतात. काही ठिकाणी हा विनोद पडद्याचे काम करतो, आणि पडद्यामागे पाहण्याचा आपला हक्क नसला तरी साहित्य म्हणून तेथे ग्रंथ उणा पडतो, हे मान्य केले पाहिजे. उत्तरार्धात प्रसंगांची वीणही सैल होते. पण लूकाच्या शुभवर्तमानातील मार्था आणि मरीया या बहिणींची कथा आठवावी. प्रभूच्या पायाशी बसून ऐकणारी मरीया हिने उत्तम वाटा निवडला, अशी तेथे ग्वाही आहे. वाढण्याच्या गडबडीत असलेल्या मार्थेचे म्हणणे तेथे एका वाक्यात संपते. लक्ष्मीबाईंनी मार्थेला चार भागांचा ग्रंथ लिहू दिला. मार्थेने आपल्या ध्यानधारणेविषयी फारसे लिहिले नाही, ही तक्रार आम्ही त्यामुळे फार जोराने करणार नाही.

1917 साली टिळक मिशनच्या चाकरीतून बाहेर पडले आणि साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. दोन वर्षांत, 9 मे 1919 रोजी, ते गेले. त्यांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध काव्य अपुरे राहिले होते. थोडे अध्याय टिळकांचे, उरलेला फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी लिहून ते पुरे केले. ‘ख्रिस्तायन’ आज फारसे कोणी वाचीत नाही, आणि काव्य म्हणून ते ‘स्मृतिचित्रां’च्या पंक्तीला बसत नाही हेही खरे. तथापि लेखिकेला यांपैकी कोणते काम अधिक मोलाचे वाटत असेल, याविषयी आम्हांला संशय नाही. नवऱ्याने अर्धवट टाकलेली कामे उचलून पुरी करणे हा त्यांचा आयुष्यभराचा परिपाठ होता. आधी ती कामे घरातली होती, शेवटचे एक ओव्यांतले होते.

24 फेब्रुवारी 1936 रोजी लक्ष्मीबाई निवर्तल्या. त्यांचे स्वतःचे पुस्तकही तेव्हा संपलेले नव्हते. त्याचा शेवट मुलाने, देवदत्तांनी, लिहिला.