टिळकांच्या अभंगांतील अनुताप आणि संसाराचा पुनरारंभ

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या ‘अभंगांजली’तील अनुतापाची पदे ही संतवाणीची अनुकृती होय, असे मानण्याकडे अभ्यासकांचा सामान्यतः कल दिसतो. पतितपणाची कबुली, कनवाळू माउलीला घातलेली हाक, शरणागती ही सारी सामग्री तुकोबांच्या घरची आहे हे खरेच. टिळकांनी ते ऋण कधी लपविले नाही. तथापि सामग्री एक असली म्हणजे मागणेही एकच असते, असे नव्हे.

वारकरी संत भक्तीसाठी पुन्हा जन्म घ्यावयास तयार असतो. टिळकांना नवा जन्म हवा आहे तो याच देहात, याच गावात, ओळखीच्याच माणसांत. मागील पुसून नव्याने आरंभ करण्याची ही ओढ ख्रिस्ती श्रद्धेतून आली आणि साडेतीन चरणांच्या अभंगात येऊन बसली. सहा-सहा अक्षरांचे तीन चरण चढत जातात व चौथा चार अक्षरांतच थांबतो. कबुली देणाऱ्याचा आवाज असाच खाली येतो. पुढे गाताना ध्रुपद परत येते, म्हणजे गाणारा प्रत्येक कडव्यानंतर आरंभाशी पोहोचतोच. गीतात पुनरारंभ इतका सुलभ आहे.

संसारात तो तसा नव्हता. १८९५ मध्ये टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि पतिपत्नींची ताटातूट झाली. काही वर्षांनी लक्ष्मीबाई परत आल्या त्या सोवळे-ओवळे सांभाळीतच. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० मधला. मधला काळ कसा गेला, हे ‘स्मृतिचित्रे’ (१९३४–३६) सांगतात. तेथे प्रेम आहे, राग आहे, पाण्याच्या भांड्यावरून होणारे तंटे आहेत, आणि स्वतःवर हसणे तर पानोपानी आहे. पश्चात्तापाचा शब्द मात्र विरळा. एकेक आग्रह सुटत गेला, एवढेच दिसते.

अभंगाचा ‘मी’ देवापुढे एकटा उभा असतो. ज्या माणसाला आपण दुखविले ते माणूस त्या रचनेत कोठे उभे करावयाचे, हा प्रश्न त्या छंदाने कधी सोडविलेला नाही. ‘माझी भार्या’ लिहून गृहजीवनाला काव्यविषय करणाऱ्या टिळकांनाही आपला अनुताप देवापाशीच न्यावा लागला, असे प्रस्तुत लेखकास वाटते. यास ढोंग म्हणणे अन्यायाचे होईल. ही मर्यादा रचनाप्रकाराची आहे.

आमच्या सावेडीकडील विद्यार्थ्यांस टिळक हे अंगणातले कवी वाटतात, आणि बहुधा म्हणूनच ते वाचले जात नाहीत. त्यांनी ‘अभंगांजली’ व ‘स्मृतिचित्रे’ शेजारी ठेवून वाचावीत. टिळकांच्या पश्चात अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनीच पुढे नेले, हेही त्या वेळी ध्यानात असू द्यावे.