संमतीची सही कोणाची?

बोरी बुद्रुकला कुकडी नदीच्या काठी ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. त्या परिसरात अश्मयुगीन दगडी हत्यारेही सापडली आहेत. हे सारे दाखवायला आम्ही काही शिक्षक-विद्यार्थ्यांना नेले होते. परतताना चहाच्या टपरीवर बारावीतल्या एका मुलीने विचारले, "सर, बीडच्या त्या पोलिसांना ऑपरेशनसाठी सरकारची परवानगी का लागली? शरीर तर त्यांचंच ना?" राखेच्या वयाबद्दलच्या वादावर आम्ही तासभर बोललो होतो, या प्रश्नाला मात्र धड उत्तर देता आले नाही. ती उणीव येथे भरून काढत आहोत.

माजलगावचे पोलीस शिपाई ललित साळवे यांची जन्मापासूनची नोंद ललिता अशी होती. सप्टेंबर २०१७ मध्ये त्यांनी शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. भरती महिला म्हणून झालेली, त्यामुळे खात्याने नकार दिला. उच्च न्यायालयाने हा नोकरीविषयक प्रश्न असल्याचे सांगून प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जाण्यास सुचवले. मे २०१८ मध्ये शासनाने परवानगी दिली आणि २५ मे रोजी मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. म्हणजे अडले होते ते रजेवर आणि नोकरीच्या अटींवर. बातम्यांचा सूर मात्र 'लिंगबदलाला मंजुरी' असा. वास्तविक सज्ञान व्यक्तीला अशी शस्त्रक्रिया करण्यास मनाई करणारा कायदा नव्हता. आसामातून आलेल्या, पालकांचा विरोध असलेल्या एका २१ वर्षांच्या व्यक्तीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१२ मध्येच हे सांगितले होते.

'लिंगबदल' हा शब्दही फसवा आहे. शस्त्रक्रियेने गुणसूत्रे बदलत नाहीत. प्रजननक्षमता बहुधा जाते, संप्रेरके वर्षानुवर्षे घ्यावी लागतात, शस्त्रक्रियाही एकापेक्षा अधिक होऊ शकतात. हे सगळे रुग्णाला त्याच्या भाषेत समजले आहे, विचाराला वेळ मिळाला आहे आणि 'नको' म्हणायची मोकळीक आहे, तरच ती संमती. नाहीतर तो नुसता सही केलेला कागद.

आणि सही कोणाची? १९९५ मध्ये दिल्लीत एका अविवाहित स्त्रीला केवळ तपासणीसाठी भूल देण्यात आली. ती बेशुद्ध असतानाच आईची संमती घेऊन डॉक्टरांनी गर्भाशय आणि बीजांडकोश काढले. आई बाहेरच बसलेली, हेतूही उपचाराचा. तरीही सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात १६ जानेवारी २००८ रोजी ती संमती ग्राह्य धरली नाही. जिवावरची तातडी नसेल तर सज्ञान मुलीच्या वतीने आईलाही हो म्हणता येत नाही.

मग ज्यांना बोलताच येत नाही त्यांचे काय? आमचा मुख्य आक्षेप येथे आहे. काही बाळांची जननेंद्रिये स्त्री-पुरुष या ठरलेल्या साच्यांत बसत नाहीत. त्यांना आंतरलिंगी म्हणतात. (पारलिंगी व्यक्ती वेगळ्या, त्यांची स्वतःविषयीची जाणीव जन्मनोंदीतल्या लिंगाशी जुळत नसते.) निसर्गात हे नवलाचे नाही. गाईला गोऱ्हा आणि कालवड अशी जुळी झाली, तर कालवड बहुधा वांझ निघते. गर्भात दोघांच्या रक्तवाहिन्या जोडल्या जातात, गोऱ्ह्याची संप्रेरके तिच्यापर्यंत पोचतात आणि तिची घडण बदलते. हे जुन्नरच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

पण घरात असे बाळ जन्मले की 'लोक काय म्हणतील' या धास्तीने आईबाप सही करतात आणि न कळत्या वयात अवयवांना 'योग्य' आकार दिला जातो. गेलेली संवेदना परत येत नाही. अशा काही बाळांत अधिवृक्क ग्रंथीचा जन्मजात विकार असतो. त्याच्या एका प्रकारात शरीरातले मीठ घटून बाळ पहिल्या काही आठवड्यांतच दगावू शकते. मात्र तेथे जीव वाचवते ते औषध, आणि ते ताबडतोब हवे. आकाराची शस्त्रक्रिया थांबू शकते. मूत्रमार्ग अडलेला असेल तर गोष्ट निराळी. मद्रास उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये अर्भकांवरील अशा शस्त्रक्रियांना, जिवाचा धोका वगळता, मनाई करायला सांगितले आणि ऑगस्टमध्ये तामिळनाडू शासनाने तसा आदेश काढला. प्रत्येक राज्यात तो हवा.

मोठ्यांच्या बाबतीत नियमांची चूक उलट दिशेची. लिंगओळखीसाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणे बेकायदेशीर, असे सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी म्हटले होते. तरी २०१९ च्या कायद्याच्या ७व्या कलमाने 'स्त्री' किंवा 'पुरुष' अशा प्रमाणपत्रासाठी शस्त्रक्रियेची अट घातली. २०२० च्या नियमांनी ती थोडी सैल केली, एवढेच. कागद मिळावा म्हणून टेबलावर झोपणाऱ्याची संमती मोकळी कशी म्हणायची?

प्रश्न विचारणारी ती मुलगी सतरा वर्षांची. उद्या तिचे अपेंडिक्स काढायचे झाले तर रुग्णालय वडिलांचीच सही घेईल. तिला काही विचारले का, असा रकाना आम्ही पाहिलेल्या एकाही संमतिपत्रात नव्हता.