स्मृतीच्या गोधडीचा अर्थ : एका अमेरिकन उदाहरणाची चिकित्सा

दिवंगत व्यक्तीच्या वापरातील जुने कपडे उसवून, त्यांचे तुकडे जोडून पांघरूण शिवणे ही कृती कलासमीक्षेच्या कक्षेत तशी उशिराच आली. इंग्रजीत अशा पांघरुणास ‘मेमरी क्विल्ट’ म्हणतात. ते कलाकृती म्हणून पाहावे की शोकाचा दस्तऐवज म्हणून वाचावे, हा प्रश्न वरवर अभिरुचीचा वाटतो. वस्तुतः तो अर्थाचा आहे. कापडाचा तुकडा एखाद्या माणसाविषयी काही सांगतो तो कशाच्या बळावर, हे निश्चित झाल्यावाचून अशा कृतीचे मूल्यमापन करता येत नाही. अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या मिझुरी पेटवे यांनी १९४२ मध्ये शिवलेली गोधडी या दृष्टीने कसोटीचे उदाहरण होय.

अलाबामा नदीच्या एका मोठ्या वळणात ‘गीज् बेंड’ ही कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची वस्ती आहे. तेथील अनेक कुटुंबांचे ‘पेटवे’ हे आडनाव मुळात त्यांच्या पूर्वजांना गुलाम म्हणून राबविणाऱ्या मळेवाल्याचे. या वस्तीत गोधडी ही प्रथम थंडीवरील उपाययोजना होती. जुने कपडे, पोती, उरलेसुरले कापड यांतून ती घरोघर शिवली जाई. पती नाथॅनिएल यांच्या निधनानंतर मिझुरी पेटवे यांनी त्यांचे शेतात वापरलेले कपडे घेतले, त्यांत सुती पोत्याचे कापड व कॉर्डुरॉय मिळविले आणि एक गोधडी सिद्ध केली. पतीची आठवण राहावी आणि मायेने तिच्याखाली निजता यावे, असा दुहेरी हेतू आईने बोलून दाखविला होता, असे त्यांची कन्या अर्लोन्झिया यांनी पुढे सांगितले. या निवेदनातील दुसरा हेतू समीक्षेने जवळजवळ दुर्लक्षिला आहे.

२००२ मध्ये ह्यूस्टनच्या ललितकला संग्रहालयात गीज् बेंडच्या गोधड्यांचे प्रदर्शन भरले व त्याच वर्षी ते न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात गेले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे समीक्षक मायकेल किमेलमन यांनी या गोधड्यांची गणना अमेरिकेने निर्माण केलेल्या आधुनिक कलेतील अत्यंत विस्मयकारक कृतींत केली आणि त्या ओघात मातीस व क्ले या चित्रकारांचे स्मरण केले. या समीक्षेचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. दरिद्री, कृष्णवर्णीय, ग्रामीण स्त्रियांच्या निर्मितीला ‘हस्तव्यवसाय’ या दुय्यम कोटीतून तिने बाहेर काढले. तथापि त्यासाठी तिने गोधडीचे चित्र केले. अंथरुणावर पसरावयाची वस्तू भिंतीवर उभी टांगली गेली. अंधारात अंगावर घ्यावयाची वस्तू प्रकाशात दुरून पाहिली गेली. मिझुरी पेटवे यांची कृती सूचीमध्ये ‘ठोकळे व पट्टे असलेली, कामाच्या कपड्यांची गोधडी’ अशा अर्थाच्या नावाने ओळखली जाते. या नावात रचना आहे, द्रव्यही आहे. ते कपडे कोणाचे, एवढेच नाही. स्मृतीच्या गोधडीतून ‘कोणाचे’ हे पद वगळल्यावर जे उरते त्याची प्रशंसा करणे म्हणजे षष्ठीचा प्रत्यय गाळून वाक्याचा अन्वय लावण्यासारखे आहे.

येथे चार्ल्स सँडर्स पर्स या तत्त्वज्ञाने केलेले चिन्हांचे त्रिविध वर्गीकरण उपयोगी पडते. सादृश्याने अर्थ देणारे चिन्ह ही प्रतिमा. संकेताने अर्थ देणारे ते प्रतीक. आणि वस्तूशी प्रत्यक्ष संबंध आल्यामुळे अर्थ देणारे ते निर्देशक. धूर हा अग्नीचा निर्देशक, पाऊल हा चालणाऱ्याचा. छायाचित्रात मृत व्यक्तीचे सादृश्य असते. थडग्यावरील नाव हे प्रतीक असते. गोधडीतील कापड या दोहोंपैकी काहीच नसते. त्याचा त्या देहाशी संबंध आला होता, हेच त्याचे सांगणे. गीज् बेंडच्या कामाच्या कपड्यांपासून केलेल्या गोधड्यांत गुडघ्यापाशी विटलेला रंग दिसतो. खिसा उसवून काढल्यावर त्याखालचे न विटलेले गडद कापड दिसते. ही रंगसंगती कोणी योजिलेली नसते. ती उन्हाने, घामाने, श्रमाने घडविलेली असते. शिवणारी ती फक्त निवडते आणि मांडते. या छटांस केवळ रंगच्छटा म्हणणारी समीक्षा निर्देशकाला प्रतिमा समजण्याचा कोटिदोष करते.

यावर एक आक्षेप संभवतो. कपड्याचा देहाशी आलेला संबंध हाच अर्थाचा आधार असेल, तर चिंध्यांचे गाठोडेही तितकेच अर्थपूर्ण ठरेल. मग शिवण्याचे प्रयोजन काय? आक्षेप निरुत्तर करणारा नाही. गाठोड्यात संबंध असतो, अन्वय नसतो. सुटी पदे म्हणजे वाक्य नव्हे. तद्वत कापडांचा क्रम, त्यांची लांबीरुंदी, जोड आणि टाके यांनीच तुकड्यांचे विधान बनते. म्हणून रचनेचा विचार अप्रस्तुत नव्हे. तो अपुरा आहे. उलट, निर्मितीमागील दुःख ऐकून रचनेकडे पाहण्याचेच टाळणारी हळवी समीक्षाही तितकीच अपुरी होय.

मात्र निर्देशकाला एक मर्यादा आहे. त्या कपड्यांत त्या माणसाला पाहिलेल्यांनाच तो पुरता वाचता येतो. परक्या वाचकासाठी शब्दांची जोड लागते. ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टन येथे प्रथम अंथरलेली एड्सबळींची स्मृतिगोधडी या दृष्टीने उद्बोधक आहे. तीत त्या वेळी तीन फूट बाय सहा फूट मापाचे १,९२० भाग होते. हे माप थडग्याचे. ती सार्वजनिक असल्यामुळे तिच्यावर नावे शिवावी लागली. मिझुरी पेटवे यांच्या गोधडीवर नाव नाही, कारण ज्यांनी ती पांघरावयाची त्यांना नावाची गरज नव्हती. संग्रहालयात आल्यावर मात्र ती गरज उत्पन्न होते. तेथे कन्येचे निवेदन हे कृतीबाहेरचे चरित्र नसून कृतीचे अंगच ठरते.

मराठी वाचकाला ही चर्चा एका वेगळ्या कारणाने परिचित वाटेल. गोधडी किंवा वाकळ या शब्दांच्या रूढ अर्थातच जुने कापड गृहीत आहे: घरातील विटलेली लुगडी, धोतरे, मुलांचे आखूड झालेले कपडे. त्यामुळे ‘स्मृतीची’ हे विशेषण मराठीत पुनरुक्तीसारखे भासते. इंग्रजीत ते अनिवार्य झाले, कारण तेथे विकत आणलेल्या नव्या कापडाची ‘क्विल्ट’ सर्रास होऊ लागली होती. सामान्य शब्दातून जो अर्थ निसटतो तो विशेषणाच्या रूपाने परत आणावा लागतो, असा हा भाषिक व्यवहार आहे. नव्या कापडाच्या गोधड्या आज महाराष्ट्राच्या बाजारातही मिळतात. तेव्हा ते विशेषण मराठीतही स्थिरावले तर नवल नाही. मात्र मराठी गोधडीत आजीचे लुगडे सापडते ते बहुधा काटकसरीच्या ओघात; मिझुरी पेटवे यांनी तेच हेतुपूर्वक केले. हा भेद विसरून दोन्हींस एकाच भावुक नावाखाली आणणे योग्य नव्हे.

शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. ही गोधडी निजण्यासाठी शिवली होती. ती वापरावी तर कापड झिजते आणि ज्या खुणांसाठी ती केली त्याच पुसल्या जातात. जपावी तर खुणा राहतात, पण मायेने तिच्याखाली निजण्याचा हेतू संपतो. संग्रहालयाने दुसरा मार्ग पत्करला आहे आणि त्यामुळेच ती आज अभ्यासकांना उपलब्ध आहे. परंतु भिंतीवरील कृती आणि अंथरुणावरील कृती यांचा अर्थ एकच आहे, असे समीक्षेने मानू नये. पहिलीचे वर्णन करताना दुसरीचा अभाव नोंदविणे हे तिचे किमान कर्तव्य होय.